अडीचशे लिटरची कवळी

अ‍ॅक्रिलिक काय चीज आहे ते मला कोणी शिकवू नये. तीस वर्षं झाली, मी रायपुरात कवळ्या बनवून राहिलो. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचं माप घेतात आणि माझ्याकडे पाठवून देतात. दात मी बसवतो, हिरडी मी घडवतो, घासतो मी, चमकवतोही मीच. गुलाबी अ‍ॅक्रिलिकची धूळ इतकी वर्षं नाकात गेली आहे की शिंकलो तर रुमाल गुलाबी होतो. तेव्हा तेलीबांध्याच्या एका ऑफिसात माशांचा जुना टँक पडून आहे आणि तो अ‍ॅक्रिलिकचा आहे असं कळल्यावर मी म्हटलं, चला, काच असती तर मी हात लावला नसता, हे तर आपल्या हातातलं काम आहे. त्या एका वाक्यापायी माझे दोन महिने गेले, मान आखडली आणि तीन डॉक्टरांशी वाजलं.

ते ऑफिस दुसरीकडे हलत होतं. टँक रिसेप्शनवर शोभेला ठेवलेला, चार फूट लांब, अडीचशे लिटरचा. तिथला मॅनेजर म्हणाला, "भैया, एकदम क्लीन है, बस थोड़ा पोंछना पड़ेगा." पुढे दोन कुंड्या होत्या, पडदे ओढलेले होते, मलाही तो बरा वाटला. टेम्पोत चढवून उन्हात आणला तेव्हा कळलं की ह्याला कोणीतरी भांड्याच्या तारेच्या घासणीनं घासलेलं आहे. एकदा नाही, दर आठवड्याला, मन लावून. आतून, बाहेरून, गोल गोल. अ‍ॅक्रिलिकला तारेनं घासणाऱ्या माणसाला काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही, आणि जे सुचलं ते इथं लिहिता येत नाही.

आमचं घर तात्यापाऱ्यात. खाली माझी लॅब, वर घर, मधला जिना इतका चिंचोळा की त्यावरून जाडा पाहुणा आडवाच चढतो. टँक जिन्यात बसेना. शेवटी दोर लावून गच्चीवर ओढला. खाली टेम्पोवाला "हव, हव, अउ खींच" करत उभा, वर मी, आणि शेजारचे चार लोक फुकटचा सल्ला द्यायला. माझ्या बायकोनं गच्चीवर येऊन टँकभोवती एक फेरी मारली, वाकून आत पाहिलं आणि म्हणाली, "यात मासे ठेवायचे आहेत, की लोणचं?"

आता हे सगळं मी काहून करून राहिलो होतो ते सांगून टाकतो. नाहीतर कोणाला वाटायचं की म्हाताऱ्याला छंद लागला. छंद वगैरे काही नाही. मला माशांचा वास सहन होत नाही.

मला एकच पोट्टी आहे. ती दातांच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होती. ती डॉक्टर व्हावी ही माझी हौस, आणि हौस म्हणजे काय, अक्षरशः हट्ट. आयुष्यभर मी डॉक्टरांचे फोन उचलले. कवळी हलते, परत करा. दात पिवळे दिसतात, परत करा. पेशंटची जीभ अडकते, परत करा. मला वाटायचं, माझ्या घरातही कोणीतरी खुर्चीवर बसून असा फोन करणारं असावं. आणि ह्या पोट्टीच्या खोलीत दोन फुटांचा काचेचा टँक. त्यात समुद्राचं मीठ मोजून घातलेलं पाणी, दगड, आणि दोन नारंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे असलेले. अभ्यासाचं पुस्तक उघडं आणि ही माशांपुढे बसलेली. मग एक दिवस तिनं सांगितलं की कॉलेज सोडलं. विशाखापट्टणमला एका जागी समुद्री मासे अंड्यापासून वाढवतात, तिथं काम मिळालं, सोमवारी निघते.

निघायच्या दिवशी मी दारात उभा राहून बोललो. "मासे धुवायले डॉक्टरकी सोडून राहिली ना? मग मले फोन करू नको. मले पोट्टी नाही असं मी समजतो." अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोललो. तिनं बॅग उचलली आणि माझं म्हणणं जसंच्या तसं ऐकलं. त्याआधी वीस वर्षं एक गोष्ट ऐकली नव्हती, हीच तेवढी ऐकली. दोन वर्षं मला एक फोन नाही.

मासे रेल्वेनं नेता येईनात म्हणून इथंच राहिले. रोज संध्याकाळी सात वाजता तिच्या आईच्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल यायचा. "आई, मछली दिखाओ." आमची पोट्टी मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते, शाळेपासूनची सवय. मी त्यावरूनही पूर्वी ओरडायचो. बायको फोन टँकसमोर धरायची आणि दोघींचं चालायचं. खाल्लं का, रंग बरोबर आहे का, मोठा लहानाला मारत तर नाही. मी खोलीच्या दाराबाहेर, हॉलमधल्या सोफ्यावर पेपर घेऊन बसायचो. पेपर सकाळीच वाचून झालेला असायचा. तिचा आवाज ऐकायला बसायचो, दुसरं काय. अर्धा तास. साडेसात व्हायला आले की मला वाटायचं, कोणीतरी अजून एखादा प्रश्न विचारा रे, फोन ठेवू नका.

त्या काचेच्या टँकचा एक कोपरा झिरपायला लागला. जोडावर मिठाचा पांढरा थर धरायचा, पुसला की दुसऱ्या दिवशी पुन्हा. बायकोनं तिला दाखवलं. ती जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "छोड़ो आई, किसी दुकान वाले को दे दो मछली. आप लोग कब तक संभालोगे."

 मासे गेले तर ही सात वाजता काय बघायला फोन करणार, भिंत? सणावाराला एक फोन करेल आईला, मग तोही सहा महिन्यांनी. मी पेपर टाकला आणि बायकोकडे तोंड करून, फोनला ऐकू जाईल असं म्हटलं, "मासे कुठं जाणार नाहीत. टँक मी आणतो." फोनमधून आलं, "ठीक है आई, कल बात करती हूँ."

म्हणून तो टँक. ते दोन मासे जगले पाहिजेत, माझ्या घरात, माझ्या हातून मरता कामा नयेत. बस, एवढंच होतं माझ्या डोक्यात.

अ‍ॅक्रिलिकवरचे चरे काढायची रीत सोपी आहे. म्हणजे सांगायला सोपी. वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात चालणारा घासायचा कागद घ्यायचा, पाणी मारत मारत घासायचं. आधी चारशे नंबर, मग सहाशे, आठशे, हजार, पंधराशे, दोन हजार. प्रत्येक नंबर आधीच्या नंबरचे ओरखडे काढतो आणि स्वतःचे बारीक ओरखडे ठेवून जातो. शेवटी प्युमिस दगडाची भुकटी आणि बफ, म्हणजे मशीनवरचं कापडी चाक, की आरशासारखं. कवळीला हे सगळं वीस मिनिटांत होतं, कारण कवळी मुठीत मावते. टँकला चार बाजू, प्रत्येक बाजू आतून आणि बाहेरून, आणि आतली बाजू घासायची तर कमरेपासून वाकून डोकं आत घालावं लागतं.

गच्चीवर बसून सुरू केलं. चारशे नंबरनं सगळा टँक ताकासारखा पांढरा झाला. हे असंच होतं, मला माहीत होतं. बायकोला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "आधी निदान धुरकट तरी दिसत होतं."

तिसऱ्या दिवशी सहाशे नंबर चालू असताना पेपराखालून कर्र असा आवाज आला. पाहतो तर वीतभर लांब ताजा चरा, नख अडकेल एवढा खोल. मी पेपर बदलला, पाणी मारलं, पुन्हा घासायला लागलो. पुन्हा कर्र. तेव्हा लक्षात आलं. रायपूरच्या गच्चीवर सकाळी अनवाणी चाला, तळवे काळे होतात. सिलतरा आणि उरल्याच्या कारखान्यांची काजळी वाऱ्याबरोबर येते आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर, पापडांवर, सगळ्यावर बसते. त्यात लोखंडाचे बारीक कण असतात. मी ओल्या अ‍ॅक्रिलिकवर ते कण धरून दाबून घासून राहिलो होतो. तीस वर्षं ह्या शहरात राहून, रोज गच्ची झाडून, मला हे आधी सुचलं नाही. तीन दिवसांचं काम मातीत. पुन्हा चारशेपासून.

टँक आत हॉलमध्ये आणायचा तर दार अरुंद. चौकटीचा एक कोपरा मी तासून काढला. बायको बघत होती, काही बोलली नाही, आणि ती काही बोलत नाही तेव्हा समजायचं की प्रकरण गंभीर आहे. मग पुढचा महिनाभर आमच्या हॉलमध्ये सोफा नाही, टेबल नाही, मधोमध टँक आणि खाली जुन्या चादरी आणि सगळीकडे पांढरा चिखल. तो चिखल माझ्या चपलेला लागून स्वयंपाकघरात, तिथून देवघरात. बायकोच्या हातात सतत फडकं. पाहुणे आले तर त्यांना पलंगावर बसवायचं आणि त्यांचा पहिला प्रश्न, "हे काय करून राहिले तुम्ही?" मी दोन-चार जणांना खरं सांगितलं, मग "प्लास्टिकचं काम आहे" म्हणायला लागलो.

लॅबचं काम साचलं. एका डॉक्टरसाहेबांचा फोन, दोन फोन, दहा फोन. त्यांच्या पेशंटपैकी एका आजोबांना नातवाच्या मुंजीसाठी कवळी हवी होती. मुंज होऊन गेली, कवळी माझ्या टेबलावर मेणातच होती. आजोबांनी मुंजीत नुसती खीर खाल्ली म्हणे. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, टँकचं वाटलं होतं तेवढं नाही.

आणि रोज सात वाजता फोन. मी डोकं टँकमध्ये घालून घासत असायचो. ती विचारायची, "आई, ये आवाज़ काहे का है?" बायको म्हणायची, "तुझे बाबा." बस. मग तिकडून सूचना यायला लागल्या, पण माझ्याशी नाही. माझी बायको त्या दोन महिन्यांत टेलिफोन ऑफिस झाली होती.

"आई, उनसे बोलो गोल-गोल नहीं घिसना, सीधा घिसना."

"सरळ घासा म्हणते."

"तिले सांग, मी सरळच घासून राहिलो."

"सरळच घासतात म्हणे."

आम्ही तिघं एकमेकांचं सगळं ऐकून राहिलो होतो. तरी हेच. डोक्याला ताप. पण बायकोनं पुन्हा कधी "तुम्हीच बोला की" म्हटलं नाही, कारण एकदा म्हटलं होतं तेव्हा मी जेवणाच्या ताटावरून उठलो होतो.

एक दिवस तिनं सांगितलं, "आई, उनसे बोलो अंदर की तरफ़ कोई केमिकल नहीं लगाना. कुछ भी नहीं. और पानी भरके दस दिन रखना, फेंकना, फिर भरना." मी टँकमधूनच म्हटलं, "तिले सांग, ती जन्मली नव्हती तेव्हापासून मी अ‍ॅक्रिलिकचं काम करून राहिलो." बायकोनं ते मात्र पुढं पोचवलं नाही. पोचवायची गरजही नव्हती.

शेवटी प्युमिस मारला, बफ फिरवला, आणि दुपारच्या उजेडात टँक लखलखला. खरंच सांगतो, मी खाली बसलो आणि बघत राहिलो. पलीकडची खिडकी, खिडकीतलं लिंबाचं झाड, झाडावरची खार, सगळं स्वच्छ. बायकोनं फडक्यानं उगाचच एकदा पुसलं आणि म्हणाली, "दिसते बाई." तिच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ.

पाणी भरून पाहिलं. तासाभरानं खालच्या एका कोपऱ्यात थेंब. आतून जोडाला केसाएवढी चीर. मला अक्षरशः रडायला येईल असं झालं. पण चीर भरणं हे तर माझं रोजचं काम आहे. कवळी तडकली की काय करतो? लिक्विड लावतो, त्यावर पावडर टाकतो, दहा मिनिटांत दगड. बिनरंगाची पावडर संपलेली होती, ती फारशी लागत नाही, नागपूरहून मागवावी लागते, आठ दिवस जातात. लॅबमध्ये होती ती गुलाबी. हिरडीची. मी म्हटलं, खालचा कोपरा आहे, रेतीत झाकला जाईल. आणि लावली. लिक्विडचा वास हॉलभर पसरला. बायकोनं नाकाला पदर लावला, जवळ येऊन पाहिलं आणि इतकी हसली की तिला पलंगावर बसावं लागलं. "आता दातही बसवा दोन," म्हणाली.

"तिले सांगू नको," मी म्हटलं. "आणि त्या कोपऱ्याकडे फोन नेऊ नको."

"तिनं नको म्हटलं होतं ना पण?"

"ती म्हणते दहा दिवस. नवी कवळी मी दोन दिवस पाण्यात ठेवतो अन् माणसाच्या तोंडात देतो. माणसापेक्षा मासा नाजूक आहे का?"

 ती माझ्याशी वाद घालत नाही, घालायला पाहिजे होता.

दोन दिवस झाले, रविवार आला. वैशाखातली दुपार, कूलर घरघरत होता, आम्ही जेवून उठत होतो. पोट्टीच्या खोलीतून कापड फाटावं तसा आवाज आला. धावत गेलो तर काचेच्या टँकचा तो झिरपणारा कोपरा वरपासून खालपर्यंत उलला होता आणि पाणी फरशीवरून दाराकडे येत होतं. खाऱ्या पाण्यात पाय घसरून मी गुडघ्यावर पडलो. तळाशी चार बोटं पाणी उरलं होतं, त्यात दगडांमध्ये दोन्ही मासे आडवे होऊन तडफडत होते. बायकोनं बादली लावली, मी मगानं मासे आणि राहिलेलं पाणी त्यात घेतलं. अर्धी बादलीही भरली नाही. लहान मासा एका कुशीवर झाला.

बायको मगानं पाणी उंचावरून पुन्हा पुन्हा बादलीत सोडत होती, हवा मिळावी म्हणून. तिचे दोन्ही हात गुंतलेले. ती म्हणाली, "फोन लावा." मी तिच्या फोनवरून लावला आणि तिच्या कानाजवळ धरायला गेलो. तिनं मान वळवली. "मले नाही समजत त्यातलं. तुम्ही बोला."

"हाँ आई," तिकडून आलं.

मी म्हटलं, "मी आहे."

मी उत्तराची वाट पाहिली नाही. "टँक फुटला. मासे बादलीत आहेत. लहाना आडवा झाला. काय करू ते सांग."

तिनं एक क्षण घालवला नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. तिचा आवाज बदलला, कामावरच्या माणसासारखा झाला. हवेची मोटर बादलीत लावा. लावली. दगड सुकू देऊ नका, ओलं फडकं टाका. टाकलं. फिल्टर जसा आहे तसा उचला, धुवू नका. मग म्हणाली, "नया वाला तैयार है?"

तो दारातून समोरच दिसत होता. हॉलच्या मधोमध, भरलेला, लखलखीत. दोन महिने मी ह्याच प्रश्नासाठी मान मोडून घेतली होती. "तयार आहे" हे माझ्या जिभेवर होतं. मी फोन तिकडे फिरवला असता, तिनं पाहिला असता, निदान मनात तरी म्हटलं असतं की म्हाताऱ्यानं काम बरं केलं.

"अंदर कुछ लगाया तो नहीं न?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. बादलीत लहान माशाचे कल्ले उघडमीट होत होते.

"लावलं," मी म्हटलं. "कोपऱ्यात लिक्विड-पावडर. गुलाबी. परवाच."

"मैंने मना किया था."

"हो."

"वो लिक्विड पानी में उतरता है. कितने दिन उतरता है कोई भरोसा नहीं. आप ही तो लोगों को बोलते थे, नई कवळी पहले पानी में रखो, नहीं तो हिरडी जलेगी. मैं आठ साल की थी, मैं ही डब्बों में पानी भरती थी." मग लगेच, "उसमें मत डालना. घर में बड़ा टब है?"

गोधड्या धुवायचा मोठा निळा टब होता. साबण लागलेला नको म्हणून सात वेळा धुतला. आरओचं पाणी घरात होतं तेवढं ओतलं, मग शेजारच्या दोन घरांतून आणलं. मीठ ती सांगेल तसं थोडं थोडं, हातानं ढवळत, आणि दर वेळी खारटपणा मोजायच्या नळीवर थेंब टाकून उजेडाकडे धरून डोळा लावायचा. मला नीट दिसेना. चष्मा लावून दिसेना, काढून दिसेना. ती म्हणाली, "नीला और सफ़ेद जहाँ मिलते हैं, वो नंबर बोलो." मी बोललो. "फिर से देखो." मी फिरून पाहिलं. दुसऱ्या कोणी मला असं फिरून फिरून पाहायला लावलं असतं तर मी नळी फेकून दिली असती.

फोन स्टुलावर ठेवलेला, चार्जरला लावलेला. बायको फरशी पुसत होती. खाली लॅबमध्ये छतातून खारं पाणी ठिबकत होतं, आजोबांच्या कवळीच्या साच्यावर, मी गेलोही नाही. टब उन्हाळ्यानं तापत होता, म्हणून कूलर टबाकडे वळवला आणि फ्रीजमधल्या बर्फाच्या बाटल्या तरंगत सोडल्या. चार वाजता मासे टबात सोडले. मोठा सरळ दगडाखाली गेला. लहाना तसाच कुशीवर, तळाशी. ती म्हणाली, हात लावू नका, बघत राहा. मी स्टुलाशेजारी खाली बसलो आणि बघत राहिलो. ती तिकडे बघत राहिली.  पावणेसातला तो सरळ झाला, दोनदा डगमगला आणि मोठ्याच्या मागे गेला.

"आई को दो," ती म्हणाली.

मी फोन दिला. दोघी नेहमीसारख्या बोलल्या, आणि मी फडकं घेऊन जिना पुसायला गेलो. मला राग आला, कोणावर ते विचारू नका. टँक मी घासला, मान माझी गेली, आणि मासे शेवटी गोधडीच्या टबात. आणि काम झाल्यावर "आई को दो." पण खरं सांगायचं तर राग स्वतःवर होता. मी तिला म्हटलं होतं मला फोन करू नको. तिनं तोच शब्द पाळला होता, आजही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी लॅबमध्ये प्लास्टरचा चिखल खरडत होतो आणि माझा फोन वाजला. त्या वेळी फक्त डॉक्टरांचे फोन येतात. मी न बघताच कानाला लावला आणि म्हटलं, "हो साहेब, आजोबांची कवळी उद्या नक्की."

"टब का टेम्परेचर बताओ."

मी उभा राहिलो. जिना चढायला लागलो, अर्ध्यात थांबलो. वर गेलो की काटा पाहायचा, आकडा सांगायचा, ती "ठीक है" म्हणणार आणि ठेवणार, हे मला दिसत होतं.

"थांब," मी म्हटलं. "आधी एक ऐक. माझं चुकलं."

"हाँ, लिक्विड नहीं लगाना था. अब छोड़ो वो."

"लिक्विडचं नाही म्हणून राहिलो. तू निघाली त्या दिवशी मी दारात जे बोललो, ते. तसं बोलायले नको होतं. मी दोन वर्षं रोज सोफ्यावर बसून तुझा आवाज ऐकून राहिलो."

तिकडे कुठल्या तरी मोटरी चालू होत्या, पाणी पडत होतं, कोणीतरी तेलुगूत हाक मारत होतं. मला वाटलं फोन ठेवला. कानापासून काढून पाहिलं, ठेवला नव्हता.

"दो साल लगाए आपने," ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता, आणि चिडलेला, अगदी माझ्यासारखा. "चलो, ऊपर जाओ. देखो कितना है."

मी वर गेलो, टबाजवळ बसलो, चष्मा लावला. अठ्ठावीसच्या वर गेलं होतं, ते सांगितलं.

"ज़्यादा है. बर्फ़ की एक बोतल और डालो."

"फ्रीजमधून आणावी लागेल. बर्फाच्या कप्प्यात आहे. तू ठेव, मी लावतो पुन्हा."

"नहीं," ती म्हणाली, "आप लेके आओ, बाबा. मैं रुकती हूँ."

मी फोन टबाच्या कडेला ठेवला आणि बाटली आणायला गेलो.